शेल्टरमध्ये कोणाकोणाची जागा होती?

२४ जानेवारी २०२२, सोमवार. पहाटेचे चार वाजून गेले होते. खलिफा सिटीतल्या आमच्या घराच्या खिडक्या थरथरल्या आणि मला जाग आली. आधी वाटलं, विमान असेल. अबू धाबीचा विमानतळ आमच्यापासून हायवेच्या पलीकडेच, त्यामुळे विमानांच्या आवाजाची इथे सगळ्यांना सवय असते. पण हा आवाज विमानाचा नव्हता. नंतर अधिकृत बातमी आली की अबू धाबीच्या दिशेने सोडलेली दोन क्षेपणास्त्रं हवेतच पाडली आणि त्यात कोणी दगावलं नाही.

त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १७ जानेवारीला, असं झालं नव्हतं. त्या दिवशी सकाळी मुसफ्फाच्या औद्योगिक भागात इंधनाच्या तीन टँकरांचा स्फोट झाला आणि तीन कामगार गेले. दोन भारतीय, एक पाकिस्तानी. विमानतळाच्या बांधकामाच्या जागीही आग लागली होती. दोन्ही हल्ल्यांची जबाबदारी येमेनमधल्या हूथींनी घेतली. खलिफा सिटीच्या एका बाजूला विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला, मधली वस्ती सोडली की मुसफ्फा. म्हणजे नकाशावर आम्ही या दोन ठिपक्यांच्या मधोमध होतो.

त्या पहाटे आमच्या मराठी ग्रुपवर कोणीतरी विचारलं, "आपल्याकडे शेल्टर कुठे असतं?" एकाने लिहिलं, बाथरूममध्ये बसा. दुसऱ्याने लिहिलं, काचांपासून लांब राहा. मग एकीच्या घरी गिरगावहून आलेल्या आजींचा निरोप आला: "एकाहत्तरला आम्ही जिन्याखाली बसायचो." त्यानंतर थोडा वेळ ग्रुप शांत होता.

या भागाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली. शेल्टर म्हणजे नक्की काय असतं? ते कोण बांधतं, कोणासाठी बांधतं, आणि युद्ध संपल्यावर त्याचं काय होतं? पॉडकास्टमध्ये यावर आम्ही बोललोच आहोत. इथे थोडं सावकाश, आकडे हाताशी घेऊन मांडतो.

बॉम्ब मारतो कसा आणि भिंत वाचवते कशी

आपल्याला वाटतं, बॉम्ब थेट डोक्यावर पडतो आणि माणूस मरतो. तसं होतं, पण दुसऱ्या महायुद्धातल्या शहरांत बरीच माणसं गेली ती जवळपास पडलेल्या बॉम्बने. त्याची कारणं मुख्यतः तीन.

पहिलं, तुकडे. बॉम्बचं लोखंडी कवच फुटतं आणि त्याचे धारदार तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे चहूकडे उडतात. दुसरं, दाबाची लाट. स्फोटाच्या जागची हवा क्षणात फुगते आणि ती लाट खिडक्या, दारं, कच्च्या भिंती ढकलत जाते. यात काच सर्वांत घातक ठरते. तिसरं, घर अंगावर कोसळणं. आग हा प्रकार वेगळाच, तो यांच्यानंतर येतो.

थेट अंगावर पडणाऱ्या बॉम्बपासून वाचवायचं तर खोल जमिनीत जावं लागतं आणि ते फार महाग पडतं. तुकडे आणि लाट यांच्यापासून मात्र अगदी साध्या गोष्टी वाचवतात. त्या काळच्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांप्रमाणे साडेतेरा इंच जाडीची विटांची भिंत किंवा अडीच फूट माती तुकडे अडवायला पुरेशी मानली जायची. साडेतेरा इंच म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींपेक्षाही कमी.

दारासमोर एक आडवी भिंत घालायची, म्हणजे लाट आणि तुकडे सरळ आत शिरत नाहीत. माणूस वळसा घालून आत जातो. लाटेला मात्र तेवढं सहज वळता येत नाही. मैदानात खंदक खणायचे तर ते सरळ रेषेत न खणता नागमोडी खणायचे. एका वळणात स्फोट झाला तर पुढच्या वळणातली माणसं वाचतात. आणि हवा खेळती ठेवायची, कारण बंद खोलीत शंभर माणसं तासभर बसली की श्वास जड होतो.

आजींचा जिना याच हिशेबात बसतो. पडक्या घरात बऱ्याचदा जिना उभा राहतो, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात सहसा काचेची खिडकी नसते. बॉम्बवर्षावाच्या काळात ब्रिटनमध्येही असंख्य कुटुंबं जिन्याखालीच बसत होती. गिरगावातल्या बाईला हे कोणी पुस्तकातून शिकवलं नसेल. पण शहाणपण तेच.

तिओंग बारूची घोड्याच्या नालेसारखी इमारत

आता एक खरंखुरं शेल्टर बघू. ते सिंगापूरमध्ये आहे, आणि तुमच्यापैकी सिंगापूरला राहणाऱ्यांपैकी काहींनी त्याच्या शेजारी कॉफीही घेतली असेल.

तिओंग बारू ही तिथली जुनी, आता फार महागडी आणि फॅशनेबल वस्ती. नावाचा अर्थ मात्र 'नवीन दफनभूमी'. 'तिओंग' हा चिनी हॉक्किएन बोलीतला शब्द, 'बारू' मलय. तिथल्या जुन्या कबरस्तानाच्या परिसरात १९३६ पासून सिंगापूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने सरकारी घरं बांधायला घेतली. मुंबईकरांच्या कानाला हे नाव ओळखीचं वाटेल. प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आली, आणि तिने बांधलेल्या बीआयटी चाळी आजही आपल्या बोलण्यात आहेत. दाटीवाटीची, रोगट वस्ती मोडून हवेशीर घरं द्यायची, हा दोन्हीकडचा विचार एकाच साम्राज्याच्या टेबलावरून आलेला.

१९३९ मध्ये युरोपात युद्ध सुरू झालं. त्याच सुमारास तिओंग बारूत एक इमारत बांधली जात होती. घोड्याच्या नालेसारखी वळलेली, म्हणून तिला लोक हॉर्सशू ब्लॉकच म्हणतात. तिचा आजचा नंबर ७८, एका अंगाला ग्वान च्वान स्ट्रीट आणि दुसऱ्या अंगाला मो ग्वान टेरेस. हिच्या तळाशी एक निराळी जागा ठेवली गेली. शांततेच्या काळात पोरांना खेळायला छपराखालची जागा, आणि भोंगा वाजला की हवाई हल्ल्यापासूनचं शेल्टर.

आत काय आहे? खरं सांगायचं तर बघायला फारसं काही नाही. उघड्या विटांच्या भिंती, एकातून दुसरीत जाणाऱ्या खोल्या, वाऱ्यासाठी भिंतीत ठेवलेल्या जागा, बुटकं छत. वर माणसं आजही राहतात. कपडे वाळत घालतात, भाजी चिरतात. शेल्टर म्हणजे त्यांच्या घरांचा पाया.

या सगळ्या वस्तीच्या २० जुन्या इमारतींना २००३ साली संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. २०१२ साली, सिंगापूरच्या पाडावाला ७० वर्षं झाली त्या निमित्ताने, हे शेल्टर लोकांना आत जाऊन बघण्यासाठी उघडलं गेलं. एरवी ते बंद असतं, गाईडबरोबरच जाता येतं. मोठा पुतळा नाही, ज्योत नाही, मानवंदना नाही. आत गेल्यावर पंधरा मिनिटांत बघून होतं. तरी बाहेर पडताना एक आकडा डोक्यात राहतो.

सहा हजारांत सोळाशे

तो आकडा असा. या शेल्टरमध्ये सुमारे १६०० माणसं मावतील असा अंदाज होता. १९४१ पर्यंत तिओंग बारूत ७८४ फ्लॅट, ५४ चाळवजा खोल्या आणि ३३ दुकानं बांधून झाली होती आणि ६ हजारांवर लोक तिथे राहत होते. म्हणजे ज्या वस्तीत हे शेल्टर होतं, त्या वस्तीतल्याही साधारण चारांतल्या एकालाच या खोल्यांत जागा होती.

आणि हे नशीबवान लोक. त्या वेळी सिंगापूरची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. बहुतेक लोक चायनाटाउनसारख्या भागांत, खाली दुकान आणि वर एकेका खोलीचे अनेक तुकडे केलेल्या घरांत राहत होते. तिथे असं काही बांधलेलं नव्हतं. जमिनीखाली लगेच पाणी लागतं म्हणून खोल शेल्टर जमणार नाही, खंदक खणले तर त्यात पाणी साचून डास होतील, अशी कारणं सरकारकडून दिली जायची. दोन्ही कारणांत तथ्य होतं. पण कारणांनी बॉम्ब अडत नाहीत.

८ डिसेंबर १९४१ ची पहाट. वेळ पुन्हा चारचीच. जपानी विमानं आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे चालू होते. बॉम्ब पडले ते रॅफल्स प्लेस आणि चायनाटाउनच्या आसपास. ६१ माणसं गेली. पुढच्या दोन महिन्यांत हल्ले वाढत गेले आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. त्या दिवशी कैद झालेल्यांमध्ये हजारो भारतीय सैनिक होते. त्यांच्यापैकी अनेक जण पुढे आझाद हिंद सेनेत गेले, तो इतिहास आपल्याला माहीत असतो. त्याच शहरात विटांच्या भिंतीआड, पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांचा इतिहास आपल्याला सहसा माहीत नसतो.

जागा कोणाला, हा प्रश्न फक्त सिंगापूरचा नव्हता. खुद्द ब्रिटनमध्ये यावरून मोठा वाद झाला. सरकारने १९३९ च्या सुरुवातीपासून घरोघरी अँडरसन शेल्टर वाटायला घेतले. पन्हाळीच्या वाकवलेल्या पत्र्यांचं खोपटं, सहा माणसांचं, परसात चार फूट खड्डा करून बसवायचं आणि वर मातीचा थर द्यायचा. वर्षाला २५० पौंडांपेक्षा कमी कमाई असलेल्यांना ते फुकट होतं. योजना चांगलीच होती. फक्त ते बसवायला परस लागतो. लंडनच्या गरीब भागात, एकावर एक खोल्यांत राहणाऱ्यांकडे परस कुठून येणार?

हा मुद्दा ज्यांनी लावून धरला त्यांत एक नाव आपल्या ओळखीचं आहे. जे. बी. एस. हाल्डेन, जीवशास्त्रज्ञ. स्पेनच्या यादवी युद्धात ते स्वतः तिथे गेले, बॉम्बहल्ले पाहिले आणि १९३८ मध्ये हवाई हल्ल्यांपासूनच्या बचावावर एक पुस्तक लिहिलं. शहरांखाली सर्वांसाठी खोल बोगदे खणा, ही त्यांची मागणी. सरकारने ती मानली नाही. पुढे सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा लोकांनी भुयारी रेल्वेची तिकिटं काढली आणि फलाटांवरच पथाऱ्या पसरल्या. सुरुवातीला सरकारचा याला विरोध होता. पण लोक हटेनात, तेव्हा सरकारला मानावं लागलं. हाल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

म्हणजे शेल्टर हा बांधकामाचा विषय आहे, तितकाच तो मोजणीचा आहे. किती माणसं धरली, कोणती धरली, आणि कोणाला धरलंच नाही. प्रत्येक शेल्टरची भिंत हा हिशेब सांगते. भिंत पाडली की हिशेबही जातो. तिओंग बारूच्या त्या रिकाम्या खोल्या जपण्यामागचं मोठं कारण मला हे वाटतं.

भिंत दगा देते तेव्हा

शेल्टर म्हणजे सुरक्षितता असं सरळ समीकरण मांडायचा मोह होतो, म्हणून दोन घटना इथे सांगायला हव्यात.

३ मार्च १९४३, लंडनमधलं बेथनल ग्रीन हे भुयारी स्टेशन. भोंगा झाला, लोक पायऱ्या उतरत होते. अंधार, ओल्या पायऱ्या, मध्ये धरायला कठडा नाही. कोणीतरी अडखळलं आणि मागची गर्दी अंगावर कोसळली. १७३ माणसं गेली, त्यांत अनेक लहान मुलं. त्या संध्याकाळी तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता. आज त्या जिन्याच्या तोंडाशी स्मारक आहे, आणि त्याचा आकार उलटा टांगलेल्या जिन्याचा आहे.

दुसरी घटना आमच्या या आखाताच्या अंगणातली. १३ फेब्रुवारी १९९१, बगदादमधलं अमिरिया शेल्टर. पहिल्या आखाती युद्धात अमेरिकेने ते लष्करी ठिकाण समजून त्यावर दोन बॉम्ब टाकले. काँक्रीटचं जाड छत भेदून ते आत फुटले. आत ४०० हून जास्त नागरिक मारले गेले. ते शेल्टर पुढे स्मारक म्हणून तसंच ठेवलं गेलं, छताला पडलेल्या भोकासकट.

तिओंग बारू, बेथनल ग्रीन, अमिरिया. तिन्ही ठिकाणी स्मारक कोणा सेनापतीचं नाही. तिथे कोणी लढत नव्हतं. माणसं वाट बघत होती. युद्धात बहुसंख्य लोक हेच करत असतात, आणि त्याची नोंद सर्वांत कमी होते.

मुंबईत काय उरलं

आता घरी येऊ. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं विमान मुंबईवर बॉम्ब टाकायला आलं नाही. पण ते येईल या धाकात मुंबईने काही वर्षं काढली. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबोवर, विशाखापट्टणम आणि काकीनाडावर जपानी बॉम्ब पडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून कलकत्त्यावर पडू लागले. मुंबईतही ब्लॅकआउट होत होता, हवाई हल्ल्यांपासूनच्या बचावाची पथकं होती, वॉर्डन होते.

मग १४ एप्रिल १९४४ ची दुपार. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकाइन' या जहाजाला आग लागली. त्यात सुमारे १४०० टन स्फोटकं होती, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. चार वाजल्यानंतर पाऊण तासाच्या आत दोन स्फोट झाले. गोदी आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. मृतांचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळे आहेत. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांची आठवण म्हणून १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. स्फोट ऐकून अनेकांना वाटलं, जपानी आले. ज्या हल्ल्याची इतकी तयारी केली तो आकाशातून आलाच नाही. आपत्ती गोदीतल्या आपल्याच बाजूच्या जहाजातून आली.

असं काय आहे, जे मुंबईत आज आत जाऊन बघता येईल? शोधायला लागलं की पहिलं नाव समोर येतं ते मलबार हिलच्या राजभवनातल्या बंकरचं. राजभवनाखाली एक भुयार आहे असं जुनी माणसं सांगत असत. ऑगस्ट २०१६ मध्ये तत्कालीन राज्यपाल चे. विद्यासागर राव यांच्या सांगण्यावरून एक बंद केलेली भिंत फोडली, आणि आत वेगवेगळ्या आकारांच्या १३ खोल्या आणि सुमारे १५० मीटर लांबीचं बंकर सापडलं. सांडपाण्याची, हवेची आणि उजेडाची सोय केलेली. ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तिथलं संग्रहालय सुरू झालं, आणि जून २०२२ मध्ये क्रांतिकारकांची गाथा सांगणारं दालनही तिथे आलं.

बंकर बघण्यासारखं आहे, संधी मिळाली तर जरूर बघा. पण तिथल्या खोल्यांची नावं वाचा. तोफगोळ्यांचं कोठार, काडतुसांचं कोठार, गोळे वर चढवायची लिफ्ट, कार्यशाळा. ते तोफांसाठी बांधलं होतं. समुद्रावर रोखलेल्या तोफांच्या दारूगोळ्याला सुरक्षित जागा हवी होती, ती मिळाली, आणि गव्हर्नरच्या बंगल्याखाली असल्याने ती टिकली.

गिरगावातल्या जिन्याखालच्या जागेला तेरा खोल्या नव्हत्या. तिथे कोणी पाटी लावली नाही, आणि जिथे चाळच पडून टॉवर उभा राहिला तिथे पाटी लावायला जिनाही उरला नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत खिडक्यांच्या काचांना चिकटवलेला खाकी कागद, मोटारींच्या दिव्यांचा काळा रंगवलेला वरचा अर्धा भाग, "लाइट बंद करा" म्हणून खालून ओरडणारा स्वयंसेवक, यांपैकी काहीच दगडाचं नव्हतं. कागद काढून टाकला, रंग खरवडला. आता ते सगळं फक्त माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसं आता सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढची आहेत.

७ मे २०२५ ला भारतातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव ठरला होता. भोंगे वाजवून बघायचे, दिवे घालवून बघायचे. त्या दिवसांत परदेशातून घरी फोन केला असेल तर तुम्हालाही हा अनुभव आला असेल: आईबाबांना काय करायचं ते नीट माहीत नव्हतं, पण आजीला माहीत होतं. दिवे घालवायचे, काचेपासून लांब व्हायचं, पाणी भरून ठेवायचं, मुलांना मधल्या खोलीत घ्यायचं. मधल्या पिढीपर्यंत ते ज्ञान पोचलंच नव्हतं. पोचवायची गरज पडली नाही, हे आपलं भाग्य. पण भाग्यावर विसंबून काही गोष्टी विसरल्या गेल्या, हेही खरं.

रोजच्या घरातलं शेल्टर

सिंगापूरने हा विसर पडू दिला नाही. १९९७ च्या सुमारापासून तिथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये घरातच एक लहान शेल्टर बांधतात. जाड काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, पोलादी दार. युद्ध नसताना ती खोली सामान ठेवायला वापरायची मुभा आहे. सिंगापूरमधल्या मराठी घरांत गेलात तर तिथे काय दिसेल? तांदळाचं पोतं, गणपतीच्या मखराचे भाग, भारतात न्यायच्या बॅगा, लोणच्याच्या बरण्या. आपल्याकडच्या कोठीच्या खोलीसारखंच.

मला यात विनोद दिसतो, आणि त्याहून जास्त दिलासा दिसतो. १९४१ मध्ये हजारोंच्या वस्तीसाठी एक शेल्टर होतं आणि त्यात चारांतल्या एकाला जागा होती. पन्नास-साठ वर्षांनी त्याच शहराने ठरवलं की दर घराला एक. कोणीतरी जुना हिशेब लक्षात ठेवला, म्हणून नवा हिशेब वेगळा मांडला गेला. अर्थात, तिथेही प्रश्न संपत नाही. त्या इमारती बांधणारे कामगार, ज्यांत भारतीय पुष्कळ आहेत, राहतात वेगळ्या वसतिगृहांत. घर मोजलं की घरात न राहणारा माणूस मोजणीतून सुटतो.

आणि इथेच मला पुन्हा मुसफ्फा आठवतं.

आठवण कुठे ठेवायची

१७ जानेवारी २०२२ ला गेलेले तिघं घरात नव्हते, सोमवारी सकाळी कामावर होते. त्यांच्यातले दोघे तुमच्या-माझ्यासारखे भारतातून आलेले. त्या पहाटे ग्रुपवर आम्ही शेल्टरबद्दल विचारत होतो, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर आमची घरं होती, आमच्या खिडक्या होत्या. टँकरजवळ काम करणाऱ्या माणसाला कुठली भिंत, हा प्रश्न आमच्यापैकी कोणीच विचारला नाही. मीही नाही. आठवडाभरापूर्वीच तिथे माणसं गेली होती, तरीही नाही. हे लिहिताना मला त्याचं वाईट वाटतंय, आणि वाटायलाही हवं.

शेल्टर जपणं म्हणजे युद्धाचं कौतुक करणं, असं काही जणांना वाटतं. तिओंग बारूच्या खोल्यांत उभं राहिलं तर तसं वाटणार नाही. तिथे कौतुक करण्यासारखं काही नाहीच. तिथे फक्त एवढंच कळतं, की एका सरकारने काही माणसांचा विचार केला, बाकीच्यांचा केला नाही, आणि त्या निर्णयाची भिंत अजून उभी आहे. जी भिंत उभी आहे तिला प्रश्न विचारता येतो.

आपल्याकडे भिंत नसेल तर आठवण तरी हवी. म्हणून या भागाबरोबर एक छोटं काम देतोय. घरातल्या सत्तरीपुढच्या कोणालाही, आजी, आजोबा, मोठी आत्या, शेजारचे काका, फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. एक, पासष्टला किंवा एकाहत्तरला भोंगा झाला की तुम्ही नेमकं कुठे बसायचात? दोन, तिथे तुमच्याबरोबर कोण असायचं? तीन, कोणाला तिथे जागा नसायची? तिसरा प्रश्न सोडू नका. घरकाम करणाऱ्या बाई कुठे जायच्या, गुरखा कुठे असायचा, फुटपाथवर झोपणारे कुठे जायचे? उत्तर आठवत नसेल तर तेही लिहून ठेवा, कारण न आठवणं हेही उत्तरच आहे. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी त्यांना विचारा. आणि जागा सांगितली तर पुढच्या भारतवारीत तिचा एक फोटो काढा, ती अजून असेल तर.

मी गिरगावच्या त्या आजींना भेटून हे तीन प्रश्न विचारले. जिन्याखाली कोळशाची पिंपं असायची, म्हणाल्या, ती बाहेर काढून आम्ही बसायचो. तळमजल्यावरची तीन बिऱ्हाडं तिथे मावायची. वरच्या मजल्यांवरचे पॅसेजमध्ये, भिंतीला पाठ लावून. मग तिसरा प्रश्न. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "भांडी घासायला यायची ती. तिला आम्ही अंधार पडायच्या आत घरी पाठवायचो. घरी म्हणजे कुठे, ते कधी विचारलं नाही."

आमच्या खलिफा सिटीतल्या घरातही जिना आहे. त्याच्याखाली चपलांचं कपाट, दोन मोठ्या बॅगा आणि मोडलेली सायकल असायची. त्या जानेवारीत आम्ही सायकल टाकून दिली आणि बॅगा गॅलरीत हलवल्या. आता तिथे चार माणसं बसतील. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई सकाळी सात ते अकरा असतात. तेव्हा घरात माणसं पाच होतात. कपाटही हलवायला हवं.